‘खंड्या’ संचातील मण्यांचा रंग जात असल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘पक्का रंग’ म्हणून विकलेल्या मण्यांचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

मी दादरला राहते आणि घरून मण्यांचे दागिने करून विकते. आपल्या संकेतस्थळावरून मी ‘रोहित’ (फ्लेमिंगो) आणि ‘खंड्या’ (किंगफिशर) हे त्या पक्ष्यांच्या रंगांतल्या मण्यांचे दोन संच मागवले. दोन्ही पाकिटांवर ‘काचेचे मणी, ११/०, पक्का रंग’ असे छापले आहे (११/० हे मण्यांचे माप).

‘रोहित’बद्दल तक्रार नाही. शिवडीच्या खाडीत दिसतो तसा फिका-गडद गुलाबी मेळ छान जमलाय. मणी थोडे लहानमोठे असल्याने ब्रिक स्टिचची (विटांसारखे मणी रचून केलेल्या विणीची) ओळ वाकडी जाते, पण निवडून घेतले की भागते.

खंड्याचे तसे नाही. चॉकलेटी, पांढरा आणि चोचीचा लाल ठीक आहेत, पण पाठीच्या निळ्याशिवाय खंड्या कसला? नेमका तोच उतरतो. माझ्या एका गिऱ्हाईकाने त्या मण्यांचे लांब डूल घालून लोकलने प्रवास केला. घामाने मानेवर आणि पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर निळे डाग पडले. तिचे पैसे मी लगेच परत केले.

त्यानंतर न वापरलेले मणी ओल्या कापसावर चोळले, तर कापूस निळा झाला. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये टाकले, तर खाली बिनरंगाची काच उरली. भिंगातून पाहिले तर भोकांच्या कडेला रंगाचे टवके आधीच उडालेले. म्हणजे ही रंगीत काच नव्हे, साध्या काचेवर वरून दिलेला रंग आहे. तसे मणी विकायला माझी हरकत नाही. भुलेश्वरचे दुकानदारही विकतात, पण ‘ताई, याचा रंग जाईल हं’ असे सांगून आणि त्या भावात.

आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर आले, ‘दागिन्यांना पाणी व घाम लागू देऊ नये.’ जुलै महिन्यात, मुंबईत! खऱ्या खंड्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो, म्हणून पाण्यात सूर मारला तरी तो धुऊन जात नाही. ती करामत मी आपल्याकडे मागत नाही. पाकिटावर छापले तेवढे द्या, एवढेच म्हणणे आहे. दुसऱ्या ईमेलला उत्तर म्हणून सवलतीचे कूपन आले. ते वापरून पुन्हा हेच मणी घ्यायचे का?

‘खंड्या’ संचाची पूर्ण किंमत, तो परत पाठवण्याचा कुरियर खर्च आणि गिऱ्हाईकाला परत केलेली रक्कम मला मिळावी. शिवाय संकेतस्थळावरून या निळ्यापुढचा ‘पक्का रंग’ हा दावा काढावा.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, पाकिटाचे फोटो, डागाचा फोटो आणि कापसाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक
दादर, मुंबई