रात्रीचं जेवण आणि टिनमधला मासा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "साखरेपायी भात कमी केला, पण मग रात्री खायचं काय?" आणि मागून बाबांचा आवाज, "चहा-बिस्किटं!" बाबा, बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखरच की. भात सोडून काय मिळवलंत?

घरात टिनमधले मासे आणून ठेवा. ट्यूना, सार्डिन, मॅकरेल, सॅमन, जे मिळेल ते. मासा डब्यातच शिजलेला असतो, त्यामुळे साफसफाई नाही की शिजवणं नाही. नुसत्या पाण्यातल्या किंवा तेलातल्या माशात कार्बोहायड्रेट जवळपास शून्य, आणि 100 ग्रॅम ट्यूनात 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. नुसती काकडी-टोमॅटो खाऊन साखर येईलही आटोक्यात, पण जिना चढायला ताकद कुठून आणणार? टोमॅटो सॉसमधला मासा घ्यायचा तर लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा साखर घातलेली असते.

आई, तुला ट्यूनाच्या टिक्क्या जमतील. ट्यूना चाळणीत ओत आणि चमच्याने दाबून दाबून पाणी काढ, नाहीतर टिक्की तव्यावर फुटते. एका डब्याला एक अंडं, बारीक चिरलेला कांदा, मिरपूड, मूठभर किसलेलं चीज. ब्रेडचा चुरा नको, अंडं आणि चीज धरून ठेवतात. मध्यम आचेवर टाकल्यावर कडा तपकिरी होईपर्यंत हात लावू नकोस. तू लगेच उलथणं घेऊन उभी राहतेस, म्हणून सांगतेय.

बाबा, तुमच्यासाठी गॅस न पेटवता होणारं. सार्डिन काट्याने कुस्करा, लिंबू पिळा, कांदा आणि मिरपूड घाला. काकडी उभी चिरून बिया चमच्याने कोरून काढा आणि त्या खळग्यात हे भरा. माशातले काटे वेचत बसू नका. डब्यात ते इतके मऊ होतात की दाताखाली कळतही नाहीत, आणि कॅल्शियम त्यांच्यातच असतं.

कंटाळा आला तर ऑम्लेटमध्ये मासा घाला, नाहीतर कोबी परतून झाला की शेवटी वरून मिसळा. शिजलेलाच आहे, गरम झाला की पुरे.

बाबांचं बीपी आहे, म्हणून मीठ घातलेला टिनमधला मासा पाण्याखाली धुऊन घ्या आणि वरून मीठ घालू नका. ट्यूना रोज नको, मोठ्या माशांत पारा जास्त असतो. सार्डिन त्या मानाने बरी. आणि आई, तुझ्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत. खाणं असं बदललं की साखर एकदम खालीही जाऊ शकते. सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन कर, केलास का हे मी विचारणार आहे.

बाबांची बोटं दुखतात, तेव्हा झाकणाची कडी चमच्याच्या दांड्याने उचला. झाकणाची कड ब्लेडसारखी असते, जपून. उरलेला मासा काचेच्या डबीत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. डबा फुगलेला दिसला तर न उघडता टाकून द्या. "जरा चाखून बघतो" हे चालणार नाही, बाबा.

तुमची,
लेक