‘किल्न ड्राइड’ म्हणून पाठवलेल्या ओल्या पाइनबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: वर्कबेंचसाठी घेतलेलं लाकूड ओलं निघालं, पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

चॅटवर तेच तेच उत्तर वाचून वैताग आलाय म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवतेय, आणि प्लीज हे पत्र लाकडातलं थोडंफार कळणाऱ्या माणसाच्या हातात द्या. फेब्रुवारीत तुमच्या साइटवरून मी 6 घनफूट पाइन मागवलं, दोन बाय चारचे दांडे. वर ठळक लिहिलेलं होतं, ‘किल्न ड्राइड, मॉइश्चर 12 टक्क्यांच्या आत, फर्निचरसाठी रेडी’, म्हणजे भट्टीत सुकवलेलं, आत ओलावा 12 टक्क्यांपेक्षा कमी. इथे नाशकात वखारीत पाइन याच्यापेक्षा स्वस्त मिळतं, पण ते किती सुकलंय हे तिथे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. तुम्ही सांगत होतात, म्हणून तर जास्तीचा भाव दिला ना. नाहीतर तुमच्याकडून घ्यायचं कारणच काय होतं मला?

करायचं होतं घरच्या घरी सुतारकामाचं टेबल. आता हे टेबल नुसतं उभं राहून चालत नाही. रंधा मारताना सगळा जोर आडवा जातो, टेबल हलकं किंवा ढिलं असलं की तेच रंध्याबरोबर पुढे सरकायला लागतं आणि आपण लाकूड सोडून टेबलच धरून बसतो. म्हणून वरची फळी 3 इंच जाड, 5 फूट लांब, 2 फूट रुंद केली, दांडे चिरून कडेवर उभे ठेवून एकमेकांना चिकटवले, पाय दोन-दोन दांडे जोडून जाडजूड केले, खालच्या आडव्या पट्ट्यांची टोकं पायांत खाचा पाडून त्यात ठोकून बसवली, सांध्यांत एकही स्क्रू नाही. उंची 31 इंच, हात खाली सोडला की तळवा टेकेल एवढी, माझ्या उंचीला तीच बरोबर. फळी गावातल्या वर्कशॉपमध्ये जाडी सारखी करणाऱ्या थिकनेस मशीनवरून काढून आणली, त्याचे पैसे वेगळे.

बसवलं तेव्हा टेबल दगडासारखं होतं. एप्रिलचा कोरडा उन्हाळा लागला आणि सगळं सुटायला लागलं. आधी खालच्या पट्ट्या पायांत खुळखुळायला लागल्या, ज्या बसवताना लाकडी हातोडा लागला होता त्या आता हाताने हलतात, कारण टोक सुकून बारीक झालं आणि खाच आहे तिथेच मोठी राहिली. मग फळीला पीळ बसला. दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवून एका डोळ्याने बघितलं की एक कोपरा 9 मिलिमीटर वर दिसतो. रुंदी 24 इंच होती ती जवळजवळ अर्धा इंच कमी भरते. लांबी मात्र तेवढीच! हे बघून कोणताही सुतार सांगेल काय झालंय ते, लाकूड सुकताना आडवं आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच.

तुमचं पहिलं उत्तर आलं की ‘लाकूड हे नैसर्गिक उत्पादन आहे, थोडाफार बदल होणारच’. (त्याआधी फोनवर तुमच्या माणसाने ‘सरांना फोन देता का’ असं विचारलं. सर कोणी नाहीत, टेबल मीच केलंय.) थोडाफार बदल होतो हे मलाही माहितेय, पावसाळ्यात दार घट्ट बसतं आणि उन्हाळ्यात सैल होतं तो थोडाफार बदल. अर्धा इंच हा थोडाफार नाही.

मग मी उरलेला एक अख्खा दांडा घेतला. तो तुमच्याच प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये होता, उघडलेलाही नव्हता. वरून ओलावा मोजायचा मीटर लावला तर 13 टक्के दाखवलं. मधोमध कापून आतल्या बाजूला लावला तर 24. म्हणजे वरवर सुकवलंय आणि आत तसंच ठेवलंय, आणि वरून तपासणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. यावर तुमचं उत्तर, ‘आपला मीटर प्रमाणित नाही’.

ठीक आहे, मीटर सोडा. त्याच दांड्याच्या मधला तुकडा मी किचनच्या काट्यावर ठेवला, 186 ग्रॅम. मग ओटीजीत शंभर अंशांच्या आसपास ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला. राहिलं 150 ग्रॅम. गेलेलं पाणी 36, ते सुक्या वजनाला भागा, 24 टक्के. लाकडाचा ओलावा मोजायची मूळ रीत हीच आहे, लॅबमध्ये पण हेच करतात, फक्त त्यांचा काटा जास्त बारीक असतो. एवढा ओलावा असलेलं लाकूड फर्निचरसाठी रेडी कसं असेल ते मला तुम्हीच समजावून सांगा.

तर मला पाहिजे ते असं. लाकडाचे पूर्ण 8,100 रुपये आणि डिलिव्हरीचे पैसे परत. ग्लू आणि वर्कशॉपच्या मशीनची बिलं सोबत जोडलीत, तो खर्च पण तुमच्याच मालामुळे वाया गेलाय. तुम्ही देताय ते 500 रुपयांचं कूपन नको, त्यातून मी काय घेऊ, अजून ओलं लाकूड? आणि साइटवरचं ‘12 टक्क्यांच्या आत’ हे एकतर आतून मोजून लिहा नाहीतर काढून टाका, कारण पुढचा माणूस यातून पलंग नाहीतर मुलांचा पाळणा करेल.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ते झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवेन आणि तिथेही नाही भागलं तर इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथे तो करता येतो आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही.

फोटो, मीटरचे आणि वजनाचे व्हिडिओ, बिलं सगळं सोबत आहे. ऑर्डर नंबर बिलावर आहेच. कापलेला दांडा तसाच ठेवलाय, तुमचा माणूस येऊन स्वतः मोजू शकतो. माल परत न्यायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करा आणि दोन माणसं पाठवा, फळी एकट्याने उचलत नाही आणि आमच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही.

आपली ग्राहक,
नाशिक