पुड्यांच्या माळा आधी हटवा

व्यसन म्हणजे निव्वळ इच्छाशक्तीचा अभाव, हा रविवारच्या पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत वेगळेच दिसले होते. दिवा लागला की थोड्या वेळाने माकडाला फळाच्या रसाचे थेंब मिळत. सुरुवातीला रस तोंडात पडल्यावर मेंदूतील डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी उद्दीपित होत. दिवा आणि रसाचे नाते कळल्यावर त्या नुसता दिवा दिसताच उद्दीपित होऊ लागल्या. मग रस मिळाला तरी पेशी थंडच! या संशोधनाला पुढे मेंदूसंशोधनासाठीचे २०१७ चे ‘ब्रेन प्राइझ’ विभागून मिळाले. माकडांना रसाचे व्यसन नव्हते, हे मान्य. पण नजरेला लागलेली सवय व्यसनी माणसासारखीच.

मी बारा वर्षे तंबाखू मळली. सोडून दोन वर्षे झाली, तरी एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीवर पुड्यांची माळ लोंबताना दिसली की डावा तळवा आपोआप उघडतो. (घरातली चुन्याची डबी पत्नीने पहिल्याच दिवशी फेकली, हे बरे झाले.) व्यसनमुक्तीची व्याख्याने जरूर व्हावीत, पण आधी या माळा दर्शनी भागातून काढून गल्ल्याखाली ठेवायला लावाव्यात.

– एक वाचक, कराड