खोक्यावर एक ओळ कुलपाचीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टॅब्लेट खरेदीचा अर्धपानी तक्ता आला होता. पडदा किती इंची, बॅटरी किती चालते, मेमरी किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल, सगळे रकाने होते. मी तो नीट कापून ठेवला, दोनदा वाचला आणि रद्दीत टाकला. घेतलेल्या टॅबमध्ये पुढे काय घालायचे हे मी ठरवणार की कंपनी, एवढा एकच रकाना मला हवा होता, आणि नेमका तोच नव्हता.

मी साठी ओलांडलेली बाई. ग्वाल्हेरला लश्कर भागात घरीच गाणे शिकवते. सकाळ-संध्याकाळ मिळून बावीस मुले-मुली येतात. अशा बाईच्या तोंडी बूटलोडर वगैरे शब्द ऐकून कुणाला हसू आले तर येऊ द्या. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही तो चपलांच्या दुकानातला वाटला होता.

या भानगडीत मी पडले ती स्वरलिपीमुळे. १९१८ साली भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे संगीत विद्यालय उभे केले, तेव्हापासून आमच्या गावात त्यांची लिपी घराघरात आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. वहीत हे डोळे मिटून लिहिता येते. मोबाइलच्या कीबोर्डवर मात्र यातले निम्मेही उमटत नाही. माझा एक जुना विद्यार्थी बंगळूरला नोकरी करतो. त्याने दोन सुट्यांत बसून एक ॲप लिहिले. बंदिश या लिपीत लिहायची, पान आपोआप सरकते, खाली तानपुरा वाजतो, मुलींना काळी चार, मुलांना काळी एक. पैसे नाहीत, जाहिरात नाही. हे ॲप प्ले स्टोअरवर नाही. तिथे ठेवायचे तर आधी पंचवीस डॉलर भरायचे, आणि नवे वैयक्तिक खाते असेल तर किमान बारा जणांना सलग चौदा दिवस ते वापरायला लावून दाखवायचे. तो म्हणाला, "ताई, बावीस जणांसाठी एवढा खटाटोप कशाला? मी एपीके पाठवतो." तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी एपीके, म्हणजे ॲपची फाइल, येते आणि आम्ही ती हाताने बसवतो.

पहिला टॅब मी २०२१ च्या दिवाळीत बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, एका दुकानातून घेतला, चौदा हजारांच्या आसपास. कंपनीचे नाव लिहीत नाही. वर्षभर बरा चालला. मग अपडेट येईनासे झाले, आणि कंपनीने आधीच भरून ठेवलेली, काढूनही न निघणारी ॲपे मधूनच जागी होऊ लागली. यमनचा बडा ख्याल चाललेला, विलंबित एकताल, मुलगी कशीबशी गंधारावर ठरलेली, आणि तेवढ्यात तानपुऱ्याला उचकी. वर पाहावे तर पट्टीवर रमीच्या खेळाची जाहिरात! त्या मुलीचा गंधार त्या दिवशी पुन्हा लागला नाही.

विद्यार्थी सुट्टीला आला तेव्हा त्याने टॅब उलटसुलट करून पाहिला. यंत्र चांगले आहे, आतला कचरा काढायला हवा, म्हणजे यंत्र चालवणारी कंपनीची प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) पुसून दुसरी स्वच्छ प्रणाली घालायला हवी, असे त्याचे निदान. त्यासाठी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी जागा होतो तो हा बूटलोडर. पुढे उठणाऱ्या प्रणालीवर कंपनीची सही आहे की नाही, हे तो तपासतो. सही नसेल तर दारातूनच परत. माझ्या टॅबला हे कुलूप उघडायची सोयच ठेवली नव्हती. सर्व्हिस सेंटरवर गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, ये तो लॉक ही आता है. नया ले लीजिए, एक्सचेंज में बारह सौ मिल जाएँगे."

माझ्या वडिलांचा मिरजेचा तानपुरा १९६२ चा. दोन खुंट्या बदलल्या, एकदा भोपळा सांधला, जवारी किती वेळा काढली याची मोजदाद नाही. ज्या घरात तो वाजतो त्याच घरात तीन वर्षांचे यंत्र बाराशे रुपयांच्या भंगारात काढायचे, हे माझ्या मनाला पटेना.

विद्यार्थ्याकडे पुराव्यादाखल एक जुने यंत्र आहे, गूगलचा २०१३ चा नेक्सस ७ टॅब. तो बाजारात आला तेव्हा त्यात अँड्रॉइड ४.३ होते, गूगलने सहाव्या आवृत्तीवर त्याचा हात सोडला, आणि लिनिएजओएस नावाची प्रणाली फुकट बनवणाऱ्या मंडळींनी तो अकराव्या आवृत्तीपर्यंत चालता ठेवला. सायनोजेनमॉड ही अशीच जुनी प्रणाली २०१६ च्या अखेरीस बंद पडली, तेव्हा त्याच लोकांनी हे नवे घर मांडले. मी विचारले, मग माझ्या टॅबचे का होत नाही? त्यावर कळले ते असे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा, आणि लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीला त्या गाभ्याची मूळ संहिता (सोर्स कोड) मागणाऱ्याला द्यावीच लागते. पण तो परवाना दुसऱ्या आवृत्तीचा. यंत्रात बदललेली संहिता घालू दिलीच पाहिजे अशी अट परवान्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली, आणि लिनक्स दुसरीवरच राहिले. म्हणजे बंदिशीची वही देतात, पेटीची किल्ली देत नाहीत.

दुसरा टॅब घ्यायचा ठरला तेव्हा मी उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी लिनिएजओएस कोणत्या यंत्रांवर चालते याची त्यांच्या संकेतस्थळावरची यादी पाहिली, आणि त्यातले काय मिळते ते बाजारात शोधले. यादीत सर्वांत सरळ निघाला तो गूगलचा स्वतःचा पिक्सेल टॅब्लेट, २०२३ चा. कुलूप दोन मिनिटांत उघडते. ग्राफीनओएस ही दुसरी एक प्रणाली घातली तर तिच्या किल्लीने ते पुन्हा लावताही येते. फक्त तो भारतात विकलाच नाही! पुण्याच्या माझ्या मैत्रिणीने आयपॅड घे म्हणून फार आग्रह केला. गाणाऱ्यांत तो लोकप्रिय आहे, पडदा सुरेखच. पण तिथे दुसरी प्रणाली घालायचा प्रश्नच येत नाही, आणि विद्यार्थ्याचे ॲप ॲपलच्या फुकटच्या खात्याने बसवले तर सात दिवसांनी मरते. युरोपात कायद्याच्या दट्ट्याने ॲपलला दुसऱ्यांची ॲप-दुकाने येऊ द्यावी लागली, २०२४ पासून आयपॅडवरही. ग्वाल्हेर युरोपात नसल्याने तो विषय संपला.

राहिला सॅमसंगचा टॅब एस६ लाइट. सोबत पेन येते, म्हणजे कोमलची रेघ हाताने ओढता येते. पण इथे एक खोच आहे, ती वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावी. याच नावाचे टॅब २०२०, २०२२ आणि २०२४ अशा तीन साली निघाले. बाहेरून जुळी भावंडे, आत तीन वेगवेगळे प्रोसेसर. मला यादीत सापडला तो २०२० चा: मागे बारीक अक्षरात एसएम-पी६१० असेल तर वाय-फायवाला, पी६१५ असेल तर सिमवाला. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. दुकानदाराला नाव सांगून भागत नाही, भिंग घेऊन पाठ वाचावी लागते. मी खरेच भिंग घेऊन गेले होते.

तीन दुकाने झाली. जुना टॅब हातात आला की मी सेटिंग्जमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटायची, मग डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात ओईएम अनलॉकिंग हा कुलूप उघडू देणारा पर्याय शोधायचा. इंटरनेट जोडल्याशिवाय कधी कधी तो दिसत नाही, म्हणून माझ्या फोनचे हॉटस्पॉट लावायची. काउंटरवरचा पोरगा आधी हसला, मग म्हणाला, "आंटीजी, हॅकिंग करोगी क्या?" पर्याय दिसला म्हणजे कुलूप उघडेलच असेही नाही. काही कंपन्या बटण ठेवतात आणि पुढची किल्ली देत नाहीत, काही अर्ज करायला लावून दिवसचे दिवस थांबवतात. तरी बटणच नसेल तर पुढे बोलायला नको. शेवटी साडेनऊ हजारांत एक पी६१० मिळाला, कोपरा ठेचलेला.

कुलूप मी स्वतः उघडले, विद्यार्थी व्हिडिओ कॉलवर. टॅब बंद करून आवाजाची दोन्ही बटणे दाबून धरायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरची केबल खुपसायची. या कामाला तीन हात लागतात. तिसरा हात माझ्या एका शिष्येचा. कुलूप उघडताच टॅबमधले सगळे पुसले जाते, हे त्याने मला चारदा सांगितले होते. तरी आठवडाभरात लिहिलेल्या तीन बंदिशी दुसरीकडे उतरवायच्या राहिल्या आणि गेल्या. सॅमसंगमध्ये आणखी एक कायमचा डाग लागतो: आत एक फ्यूज असतो तो उडतो, पुन्हा कुलूप लावले तरी जुळत नाही, वॉरंटी जाते, खासगी फाइली ठेवायचा सिक्युअर फोल्डर वगैरे सोयी कायमच्या बंद. मला त्यातले काही लागत नव्हते, आणि जुन्या टॅबला वॉरंटी कसली? बँकेची आणि पैसे पाठवायची काही ॲपे उघड्या कुलपाच्या यंत्रावर चालायला नकार देतात. तो व्यवहार मी फोनवर करते. सिनेमाची ॲपे चित्र पुसट दाखवू शकतात. एकाच टॅबवर बँक, सिनेमा आणि तानपुरा हवा असेल त्याने माझ्या वाटेला जाऊ नये, असे मी स्वच्छ सांगते.

कुलूप मुळात असूच नये असे माझे म्हणणे नाही. मागच्या लग्नसराईत माझ्या जावेला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. तिने दाबली, आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून अकरा हजार गेले. दाराला कडी हवीच, पण कडी आतून हवी.

हे आत्ता लिहिण्याचे कारणही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की त्यांच्या प्रमाणित अँड्रॉइड यंत्रांवर यापुढे तीच ॲपे बसतील ज्यांच्या लेखकाने गूगलकडे आपली ओळख पटवली आहे, मग ॲप प्ले स्टोअरबाहेरचे का असेना. सुरुवात सप्टेंबर २०२६ ला ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून इतरत्र. खुली ॲपे वाटणाऱ्या एफ-ड्रॉइडने विरोध केला, बरीच ओरड झाली, तेव्हा जाणत्या वापरणाऱ्यांसाठी धोका पत्करून पुढे जायची एक वाट ठेवू, असे गूगलने नोव्हेंबरात सांगितले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला, तेव्हा बाहेरून ॲप बसवण्यावर बंधने घालू नका असाही आदेश होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि नेमका हा आदेश काढून टाकला. दंडाचा आकडा मोठ्या अक्षरात छापून आला होता, हे दुसरे कुठेतरी तळाशी होते. माझा विद्यार्थी ओळख पटवेलही, त्याला लपवायचे काही नाही. पण बावीस मुलांच्या तानपुऱ्यासाठी त्याने कॅलिफोर्नियाला ओळखपत्र का धाडावे, याचे उत्तर त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

तेव्हा विनंती दुहेरी. कंपन्यांनी खोक्यावर, जिथे किंमत आणि वजन छापतात तिथे, बूटलोडर ग्राहकाला उघडता येतो की नाही आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील, हे छापावे. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढलेच आहे, हाही दुरुस्तीचाच भाग समजावा. ते होईल तेव्हा होईल. दुसरी विनंती आपल्याला, ती पुढच्या पुरवणीपासूनच पाळता येईल: तक्त्यात कुलपाचा एक रकाना घाला. जागा नसेल तर कॅमेऱ्याचा काढा. माझ्या बावीस मुलांपैकी एकानेही आजवर टॅबने फोटो काढलेला नाही.

आपली,
एक संगीत शिक्षिका
लश्कर, ग्वाल्हेर