डेटाबेस बदला, पण तारखा तपासून

संपादक महोदय,

परवान्याचा खर्च वाचवण्यासाठी कारखान्याचे किंवा पतसंस्थेचे हिशेब ओरॅकल या परवाना लागणाऱ्या डेटाबेसवरून (माहिती साठवण्याच्या प्रणालीवरून) पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसवर न्यायचे ठरले, की नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज जुळवून पाहिली जाते व बिल मंजूर होते. घोळ उरतो तो तारखांत, आणि बहुतेक वेळा तो एररही देत नाही.

ओरॅकलच्या ‘डेट’ प्रकारच्या रकान्यामध्ये सेकंदापर्यंतची वेळ असते, पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये नुसता दिवस. नाव एकच म्हणून रकाना तसाच नेला, तर उसाच्या काटा पावतीची (वजनाच्या पावतीची) वेळ पुसली जाते. तिथे ‘टाइमस्टॅम्प’च (तारीख व वेळ दोन्ही ठेवणारा प्रकार) हवा. आत्ताची तारीख-वेळ देणारे ओरॅकलचे ‘सिसडेट’ सर्व्हरच्या घड्याळावर चालते, पोस्टग्रेस मात्र सेशनचा (त्या जोडणीचा) टाइमझोन पाहते. तो यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) राहिला तर रात्री १२ ते पहाटे ५.३० मधल्या वजनाला आदल्या दिवसाची तारीख लागते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज. हंगामात काटा रात्रभर चालतो, तेव्हा एका दिवसाचा फरक थेट पैशांत मोजावा लागतो. म्हणून टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ ठेवावा.

दोन तारखांची वजाबाकी ओरॅकलमध्ये दिवसांचा आकडा देते, पोस्टग्रेसमध्ये दोन टाइमस्टॅम्पमधून ‘इंटरव्हल’ (कालावधी) येतो. त्याची तुलना नुसत्या १४ शी केली तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) एरर देऊन अडते. हा दोष निदान ओरडून सांगतो!

कर्जाच्या हप्त्याचे तसे नाही. २८ फेब्रुवारी २०२५ मध्ये ओरॅकलच्या ‘ॲड_मंथ्स’ या महिने मिळवणाऱ्या फंक्शनने एक महिना मिळवला तर ३१ मार्च येतो, कारण ओरॅकल महिनाअखेर धरून ठेवते. पोस्टग्रेसचा ‘एक महिना’ २८ मार्चला थांबतो, म्हणजे दंडव्याज तीन दिवस आधीच सुरू. जुनाच नियम हवा असेल तर महिनाअखेरच्या तारखेपुरते पोस्टग्रेसच्या ‘डेट_ट्रंक’ फंक्शनने महिन्याची पहिली तारीख काढावी, दोन महिने मिळवून एक दिवस वजा करावा. नियम कोणता ठेवायचा हे संचालकांनी ठरवावे, प्रोग्रामरने नव्हे.

दोन अंकी सालांचेही पाहावे. जन्मसाल ‘५५’ ओरॅकलचा ‘आरआर’ हा साल वाचायचा नमुना १९५५ मानतो, पोस्टग्रेसचा ‘वायवाय’ २०५५. ज्येष्ठ सभासदाचा जादा व्याजदर तिथेच जातो.

३१ जानेवारी, २८ व २९ फेब्रुवारी, ३१ मार्च आणि रात्री १२.०५ ची नोंद दोन्ही प्रणालींत चालवून निकाल शेजारी शेजारी छापून घ्यावेत. ही अट कामाच्या करारातच लिहावी आणि शेवटचा हप्ता त्या कागदावर सही झाल्यावरच द्यावा.

– एक डेटाबेस प्रशासक, जुळे सोलापूर