नवी कॅडिसफ्लाय: बातमीत होलोटाइपचा पत्ताही द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘अमुक बेटावर कीटकाची नवी प्रजाती सापडली’ अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण छायाचित्र आणि संशोधकांची नावे यांपुढे बातमी सहसा जात नाही. प्रजाती नवी ठरली कशावरून आणि तिचा मूळ नमुना (होलोटाइप) कुठे ठेवला आहे, हे वाचकाला कळत नाही. कॅडिसफ्लायच्या बाबतीत तर नुसत्या छायाचित्रावरून बहुधा काहीच ठरत नाही. म्हणून श्रीलंकेचे उदाहरण घेऊन हा पत्रप्रपंच.

कॅडिसफ्लाय ही पतंग-फुलपाखरांची जवळची नातलग. पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. अळ्या पाण्यात वाढतात. ‘किमारा’ या गटातल्या अळ्या वाहत्या ओढ्यातल्या दगडांना रेशमाची अतिशय बारीक विणीची, बोटासारखी लांबट जाळी लावतात. या एकाच गटात जगभर ९०० हून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक काळपट, छोट्या आणि दिसायला सारख्याच. फरक असतो तो नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकाशी, जननांगांत.

नमुने गोळा करणे त्या मानाने सोपे. अंधार पडला की ओढ्याच्या काठावर ८ वॅटचा अतिनील दिवा लावायचा आणि खाली पांढऱ्या ट्रेमध्ये ८० टक्के अल्कोहोल ठेवायचे. चांदणे किंवा वारा असेल तर फारसे काही येत नाही. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची आणि तारीख पेन्सिलीने लिहावी; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि नमुना कुठला ते कायमचे हरवते. डीएनएसाठी एक पाय आधीच काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा.

खरी कसोटी पुढे. नराचे पोट वेगळे करून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवतात, म्हणजे आतले स्नायू विरघळतात आणि कठीण भाग उरतात. वेळ जास्त झाला तर तेही पांढरे-मऊ पडून कडा दिसेनाशा होतात. त्यापेक्षा ८५ टक्के लॅक्टिक आम्लात सुमारे १२५ अंश सेल्सिअसला तापवणे सुरक्षित. मग धुऊन, ग्लिसरीनमध्ये घेऊन बाजूने, वरून आणि खालून आकृत्या काढायच्या. शिश्नाची आकृती स्वतंत्र. सर्वाधिक चुका इथेच होतात. पोट जरासे कलले तरी खालच्या उपांगाचे (मादीला धरणाऱ्या अवयवाचे) टोक आखूड किंवा रुंद दिसते, आणि कललेल्या नमुन्याची कलती आकृती ‘नवी प्रजाती’ म्हणून छापली जाते. म्हणून एकाच ठिकाणचे जमतील तितके नर तपासावेत. एकट्या मादीवरून नाव देणे तर टाळावेच.

त्यानंतर तुलना. स्विस कीटकतज्ज्ञ फर्नांड श्मिड यांनी १९५८ मध्ये सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) कॅडिसफ्लायवर मोठा प्रबंध छापला. तिथल्या सिंहराजा जंगलातला किंवा हॉर्टन प्लेन्स पठारावरचा नमुना आजही आधी त्यातल्या आकृत्यांशी ताडावा लागतो, शंका उरली तर मूळ नमुन्याशी. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांच्यात आज उथळ समुद्र आहे, पण हिमयुगात तिथे जमीन होती. त्यामुळे ताडणी दक्षिण भारतातल्या प्रजातींशीही हवी. ती टाळली की एकाच कीटकाला दोन नावे मिळतात आणि पुढच्या अभ्यासकाची वर्षे ती निस्तरण्यात जातात.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार असलेला एक ठरावीक नमुना (किंवा त्याऐवजी असे अनेक नमुने), जाहीर करून तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल हे लिहावे लागते. केवळ ऑनलाइन छापलेल्या लेखाची झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते. आपल्याकडे जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत संग्रहालयात द्यावा लागतो. तेव्हा वार्ताहराने हे दोन प्रश्न विचारणे मुळीच जादा नाही: होलोटाइप कुठे आहे, आणि जवळच्या प्रजातीपेक्षा तो कोणत्या अवयवात वेगळा आहे? उत्तर दोन ओळींत मावते.

एक विनंती महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांचे जुने नमुने तुमच्या कपाटांत असतील तर बाटल्यांतले अल्कोहोल दर वर्षी तपासा, कमी झाले असेल तर ८० टक्क्यांचे भरा. बाटली कोरडी पडली की नमुना आक्रसून ठिसूळ होतो, आणि ज्या उपांगांवरून तो ओळखायचा तीच आधी तुटतात.

आपले,
गोड्या पाण्यातील कीटकांचे काही अभ्यासक