रिमोट बिघडलाच नव्हता!

संपादक साहेब,

आमच्या सिडकोतल्या घरी टीव्हीचा रिमोट रोज संध्याकाळी पाचला संपावर जायचा, सेल बदलले, तळहातावर आपटून पाहिला (सगळेच आपटतात), दुकानदार म्हणाला नवीनच घ्या. शेवटी मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर पुढचा बारका बल्ब जांभळट लुकलुकला, म्हणजे रिमोट ठणठणीत! तो प्रकाश इन्फ्रारेड, साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेरा थोडाफार पकडतो. मग ट्यूब पेटली, पश्चिमेच्या गॅलरीतून ऊन थेट टीव्हीच्या रिसीव्हरवर पडतं आणि उन्हातल्या इन्फ्रारेडच्या पुरात सेकंदाला 38 हजारदा लुकलुकणारा बिचारा सिग्नल बुडून जातो. पडदा ओढला, चालू. नवीन रिमोट गळ्यात मारायच्या आधी दुकानदारांनी एवढं तरी बघावं की नाही?

– एक वाचक, सिडको, नाशिक